मोरखांडचा वाळा

भाद्रपद शुद्ध एकादशी. झड पहाटे उघडली होती. आभाळ अजून राखेच्या रंगाचे होते आणि राजगृहाजवळच्या टेकडीवरून जागोजाग गढूळ पाणी उतरत होते.

त्या टेकडीच्या उतारावर भिक्षूंच्या कुटी होत्या. दर वर्षावासाच्या आरंभी शलाका, म्हणजे नावाच्या काड्या, ओढून कुटी वाटल्या जात. यंदाची कुटी पुढच्या वर्षी मिळेलच असे नसे. रेवक नावाचा भिक्षू आपल्या कुटीच्या वरच्या अंगाला दगडांची आडवी ओळ रचत होता, कारण पाण्याने भिंतीखालची माती निघत चालली होती. पिंगल नावाच्या भिक्षूने ते पाहिले आणि धर्मसभेत सांगितले, की पुढच्या वर्षी दुसऱ्याच कोणाला मिळणाऱ्या कुटीसाठी रेवक आपले खांदे मोडून घेतो आहे. काही जण हसले.

तेवढ्यात भिक्षूंचे गुरू, शास्ता, आत आले, आसनावर बसले आणि काय बोलणे चालले आहे असे त्यांनी विचारले. भिक्षूंनी सांगितले. शास्ता म्हणाले, "दुसऱ्याचा भार रेवक आजच वाहतो आहे असे नाही, आणि त्याला पिंगल आजच हसतो आहे असेही नाही." मग भिक्षूंनी विनवल्यावर त्यांनी मागची कथा सांगितली.

फार पूर्वी अश्मक देशात, गोदावरीकाठच्या पोतली नगरात मणिकेतू राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व उंबरवेढे नावाच्या डोंगरउतारावरच्या गावी एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सोमिल.

उंबरवेढ्याची एक रीत होती. गावाची शेते कोणाच्या मालकीची नव्हती. तळाची शेते काळी आणि ओलसर, वरची उतरणीची आणि हलकी. एकाने कायम लोणी खावे आणि दुसऱ्याने कायम ताक प्यावे हे बरे नव्हे म्हणून दर तिसऱ्या वर्षी, वैशाखी पौर्णिमेला, उंबराखाली शलाका ओढून शेते नव्याने वाटली जात. तीन वर्षांच्या या मुदतीला ते पाळी म्हणत. प्रत्येक शेताला नाव होते आणि गावातले लोक वर्षे मोजत नसत, शेते मोजत. अमक्याचा जन्म कधीचा असे विचारले तर आई सांगे, पळसपट्टीच्या पाळीतला. सोमिलची बायको पाटली दुधाणीच्या पाळीत सून होऊन आली होती. त्याचा बाप लांबओळीच्या पाळीत, तुरी फुलावर असताना वारला होता. त्यामुळे गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला कोणत्याही बांधावर उभे केले, तरी त्याच्या डोळ्यांपुढे काही ना काही येई.

या रीतीला जोडून दुसरी एक होती, तिला उचल म्हणत. जुन्या काळी शेत सोडताना घरची बाई त्यातली ओंजळभर माती पदरात घेई आणि नव्या शेतात नेऊन टाके. या शेताने तीन वर्षे पोसले, त्याचे ऋण सोबत न्यायचे, एवढाच तिचा अर्थ. सोमिलच्या आईची ओंजळ सोमिलला आठवत होती. ती माती पदरात घेऊन चालताना कोणाशी बोलत नसे. पुढे कोणीतरी म्हणाले, की मी या शेतात खत घातले ते पुढच्याला का सोडू. ओंजळीची टोपली झाली, आणि सोमिलच्या केसांत पांढरे दिसू लागेपर्यंत टोपलीची गाडी झाली होती. वैशाखात सारा गाव आपापल्या शेताची वरची खतावलेली माती खरवडून ढीग घाली. खरवडलेली जमीन उघडी पडे. नव्या शेतात नेऊन टाकलेली सैल माती पहिल्या मोठ्या सरींबरोबर ओढ्याला लागे. हे सगळ्यांना दिसत होते. पण एकट्याने उचल सोडली तर बाकीचे त्याला वेडा म्हणणार, आणि माती राहणार नव्हतीच, म्हणून कोणी सोडत नव्हते. बांध कोणी घालत नव्हते. जो घालणार त्याची पाठ मोडणार, आणि त्याचे फळ ज्याच्या पदरात पडणार त्याचे नावही अजून निघालेले नसणार.

सोमिल पन्नाशीला आला तेव्हा त्याच्या नावाने मोरखांड निघाले. हे गावाच्या मध्यउतारावरचे शेत. लहानपणी, बापाच्या पाळीत, तो तिथे वाढला होता. शेताच्या मधोमध एक मोठा दगड होता. बाप नांगरत असताना तो त्या दगडावर बसे, आणि बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने ओल्या मातीत रेघा ओढी. पहाटे कडेच्या झाडीतून मोर उतरत. नांगराच्या पाठीमागून चालताना घोट्यापर्यंत पाय जाई आणि बाप म्हणे, "हळू चाल, जमीन झोपलीय."

शलाका ओढल्यावर तो एकटाच शेत पाहायला गेला. दगड तिथेच होता, पण त्याची कड आता सोमिलच्या छातीला लागत होती. सोमिल त्याला टेकून उभा राहिला. चाळीस-बेचाळीस वर्षांत तो स्वतः वाढला होता, पण दगड त्याच्यापेक्षा जास्त वाढला होता. खाली मुरूम उघडा पडला होता. ज्या मातीत त्याने रेघा ओढल्या ती कधीच ओढ्यातून नदीला, आणि नदीतून कुठे गेली कोण जाणे.

त्या वर्षी सोमिलने ओढ्याकाठचा वाळा उपटून आणला. पाण्याने भरलेली थाळी जमिनीवर ठेवून त्याने उताराला आडवी, समपातळीची रेघ शोधली आणि तिच्यावर दाट ठोंब लावले. अशा चार ओळी. प्रत्येक ओळ निजलेल्या माणसाएवढी रुंद. वाळ्याची मुळे सरळ खाली जातात आणि पाते दाट वाढते. पाणी त्यातून गाळले जाते, माती मागे राहते. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. ओढ्याकाठी वाळ्याच्या मागे साठलेला गाळ त्याने लहानपणापासून पाहिला होता, गावातल्या प्रत्येकाने पाहिला होता.

वरच्या लांबओळ शेतात त्या पाळीला तिंदुक होता. तिंदुकाच्या घरी तेलाचा घाणा होता. घाण्यातला तिळाचा चोथा तो दर वर्षी शेतात घाली. सबंध गावात हे खत त्याच्या एकट्याकडेच होते आणि त्याचा त्याला तोरा होता. तो वरून हाक मारी, "सोमिलदादा, यंदा काय पेरलंत? गवत? म्हशी तरी पाळायच्या आधी." सोमिल हसे. तिंदुक त्याच्या बैलांनाही सोडत नसे. शंख आणि मेघ अशी त्यांची नावे. ही जोडी ओळीशी आली की सोमिल तिला वळवून आडवी चालवी, उतारावर सरळ घालीत नसे. तिंदुक म्हणे, "बैलांनासुद्धा वळसे घालायला लावलेत. त्यांना विचारा तरी, त्यांचं काय अडलंय पुढच्याच्या शेतावाचून."

पहिल्या वर्षी ओळींखालची जमीन पेरता आली नाही, म्हणून सोमिलची कणगी पाऊणच भरली. पाटलीने वरईच्या पेजेत पाणी जरा जास्त घातले आणि चुलीकडे पाहत वाढले. दुसऱ्या वर्षी कणगी पूर्वीइतकी भरली. तिसऱ्या वर्षी ओळींच्या मागे मातीच्या पायऱ्या बसल्या होत्या. तिथले तीळ कमरेला लागले आणि कणगी तोंडापर्यंत आली. त्या दिवाळीला पाटलीने मोरखांडच्या कडेला जाऊन दिवा लावला.

त्याच वर्षी, फाल्गुनात, मेघ बैल आजारी पडून मेला. शंख एकटा राहिला. त्याला पाण्यावर नेले तरी तो वाटेच्या एका कडेने चाले, जोडीदाराची जागा मोकळी सोडून.

गावाची तिसरी रीत इथे आडवी आली. ज्याच्या दारात बैलजोडी नाही त्याची शलाका निघत नसे. जमीन पडीक राहू नये म्हणून हा नियम होता. वैशाखी पौर्णिमेपर्यंत दुसरा बैल आला नाही, तर पुढची पाळी सोमिलने दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करून काढायची होती. बैल घेण्याइतके सोमिलजवळ काही नव्हते.

चैत्राच्या कडक उन्हात पोतलीहून कपिंजल नावाचा गंधी आला. तो अत्तरे आणि वासाची मुळे विकणारा व्यापारी. मोरखांडवर उभा राहून त्याने एक ठोंब हलवला, मूळ तोडून हुंगले आणि डोळे मिटले. तीन वर्षांच्या वाळ्याचे मूळ म्हणजे त्याच्या धंद्यातले सोने. चारही ओळी खणून दिल्या तर आपल्या गाडीचा डावा बैल सोडून देतो, असे तो म्हणाला. बैल तरणा होता. कपिंजलने पौर्णिमेपर्यंत मुदत दिली आणि तो पुढच्या गावाला गेला.

संध्याकाळी पाटलीने विषय काढला. सोमिलला वाळा खणायचा नाही हे तिला त्याच्या जेवण्यावरूनच कळले होते.

ती म्हणाली, "तुमचं शेत पौर्णिमेला सुटणार. मग ते कोणाचंही असो. त्या माणसासाठी आपण तीन वर्षं दुसऱ्याच्या बांधावर भाकरी खायची?"

सोमिल म्हणाला, की ओळी खणल्या तर पहिल्या पावसात सगळ्या पायऱ्या वाहून जातील.

"तुम्ही नाही खणल्यात तर पुढचा खणेल. गंधी त्यालाही बैल दाखवेल. गवत राहणार नाही ते नाहीच, बैल तेवढा त्याच्या दारात उभा राहील. सांगा, मी चुकतेय?"

तिचे चुकत नव्हते. लहानपणी पायाला लागणारी ती थंड माती त्याला आठवत होती, पण आठवणीवर बैल मिळत नाही हेही त्याला ठाऊक होते. शेवटी तो म्हणाला, "पुढच्याने खणायचं की नाही, हे पुढच्याने ठरवू दे. मी खणलं तर त्याला ठरवायला काही उरतच नाही."

पाटलीने भांडी उचलली. त्यानंतर पौर्णिमेपर्यंत ती त्याच्याशी कामापुरतेच बोलली.

गाव उचलीला लागला. वर लांबओळीत तिंदुकाने माती खरवडून गाडीवर गाडी भरली. पाटलीही एक दिवस रागाने टोपली आणि खुरपे घेऊन मोरखांडवर गेली आणि वरच्या पायरीची टोपलीभर माती घेऊन आली. मग अंगणात आल्यावर तिच्या लक्षात आले, की ती टाकायला आपल्याला आता शेतच नाही. तिने ती दाराशी ओतली आणि तिच्यात दुधी भोपळ्याच्या बिया खोचल्या.

पौर्णिमेला उंबराखाली सोमिलने हात जोडून एवढेच मागितले, की मोरखांड ज्याच्या वाट्याला येईल त्याने गवत खणू नये असे गावाने ठरवावे. गावाचा प्रमुख, ग्रामणी वज्जल, हा न्यायी माणूस होता. तो म्हणाला, "ज्याची शलाका त्याची जमीन. पुढच्याचे हात आज कसे बांधायचे? आणि सोमिल, राग मानू नकोस, या पाळीला तुला इथं बोलायची जागा नाही." सोमिल उठून बाहेरच्या कोंडाळ्यात जाऊन बसला. शलाका निघाल्या. मोरखांड तिंदुकाला मिळाले.

तिंदुकाने त्याच दिवशी गंध्याला निरोप पाठवला, आणि सोमिलला मजुरीवर बोलावले. तो म्हणाला, की दादा, लावलंत तुम्ही, तेव्हा मूळ न तोडता काढायचं कसं ते तुमच्याइतकं कोणाला कळणार. वर त्याने असेही म्हटले, की मुळ्यांचे भारे वाहायला शंखालाही आणा, त्याला वळशांची सवय आहे. लोकांना वाटले सोमिल जाणार नाही. सोमिल कुदळ घेऊन, शंखाला पुढे घालून गेला.

सगळ्यात वरच्या ओळीशी त्याने काम सुरू केले. पण तो ओळीच्या लांबीने खणेना. ओळ आडवी छेदून, वरून खाली असा अरुंद चर त्याने पाडला. तिंदुक सावलीतून ओरडला, की मुळ्या इकडे आहेत, तिकडे नाहीत. सोमिल म्हणाला, "मुळ्या तुला मिळतील. दिवसभराची मजुरी ठरलीय, मी पळून जात नाही. आधी एकदा खाली उतर."

तिंदुक कुरकुरत चरात उतरला. ओळीच्या खालच्या बाजूला वीतभर मातीखाली पिवळा मुरूम होता. वरच्या बाजूला मुरूम कुठे आहे ते दिसेना. काळी भुसभुशीत माती त्याच्या गुडघ्याच्या वर गेली होती, आणि वाळ्याची पांढरी मुळे तिच्यातून पावसाच्या सरींसारखी सरळ खाली उतरली होती. त्या मातीत राखाडी रंगाचे पट्टे होते. तिंदुकाने एका पट्ट्यात बोट घातले, चिमूट काढली, हातावर चोळली आणि नाकाशी नेली. मग जिभेला लावली.

तो म्हणाला, "हा तिळाचा चोथा आहे."

सोमिलने कुदळ बाजूला ठेवली.

"चोथा माझ्या एकट्याकडे असतो. हे माझं खत आहे. तुम्ही माझ्या शेतातून—" एवढे बोलून तो थांबला आणि त्याने वर, लांबओळीच्या खरवडलेल्या उताराकडे पाहिले.

"तुझंच आहे," सोमिल म्हणाला. "वर त्याला धरून ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून इथं येऊन थांबलं."

तिंदुक चराच्या काठावर बसला. गाड्या भरभरून आपण उचल केली ती कशाची, याचा तो हिशेब करीत होता, आणि तो जुळत नव्हता. तीन वर्षे घातलेल्या खतातले मूठभर त्याने गाडीतून नेले होते. बाकीचे त्याच्याआधीच उतरून इथे आले होते. सोमिल शंखाला पाणी दाखवून आला, तरी तो तसाच बसलेला होता.

सोमिलने मग एवढेच सांगितले, "बैल एकदा येईल. लांबओळीतली माती दर पावसाळ्यात येईल, गवत आहे तोवर."

"तीन पावसाळे," तिंदुक म्हणाला. "मग हे शेत कोणाच्या तरी घशात जाईल."

"जाईल."

"तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही?"

"वाटतं. तुझ्या घशात गेलं तेव्हाही वाटलं."

तिंदुक हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. संध्याकाळी कपिंजलचा माणूस बैल घेऊन शिवेवर आला, तेव्हा तिंदुकाने त्याला ताक पाजून तसाच परत लावला. सोमिलला तो म्हणाला, की गवत राहते आहे ते माझ्या फायद्यासाठी, तुमच्या पुण्यासाठी नव्हे. सोमिलने बरे म्हटले, चर बुजवला, माती पायाने दाबली आणि मजुरीचे धान्य घेऊन तो घरी गेला.

ती पाळी सोमिलने मजुरीत काढली. गावातले असे एक शेत नव्हते जिथे त्याने त्या वर्षांत खुरपे चालवले नाही. दुधाणीत निंदणी करताना त्याला पाटलीचे नवेपण आठवे. हळदीच्या पायांनी ती बांधावर न्याहारी घेऊन येई आणि हाक कशी मारावी ते न कळून नुसती उभी राही. पळसपट्टीच्या कोपऱ्यात त्याच्या धाकट्या भावाने आंब्याची कोय पुरली होती. भाऊही गेला, झाडही गेले, पण कोपऱ्याला सावलीची सवय राहिल्यासारखी गवताची हिरवळ अजून लवकर यायची. दुसऱ्याच्या शेतात मान खाली घालून काम करताना हे सगळे त्याला भेटत असे, आणि त्याचे मन कडू होत नसे. पाटलीचा रागही कुठल्याशा भोपळ्याबरोबर पिकून उतरला. दाराशी ओतलेल्या त्या टोपलीभर मातीने एवढे दुधी दिले, की ते शेजारी वाटावे लागले.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात मोठा पाऊस झाला. लांबओळीला ओघळी पडल्या, दुधाणीवर वरून गोटे येऊन पसरले. मोरखांडच्या चार ओळींतून पाणी नितळ होऊन उतरले आणि पायऱ्या बोटभर चढल्या. त्या हंगामात गावात सगळ्यात दाट पीक मोरखांडचे आले. तिंदुकाने उघडपणे काही कबूल केले नाही, पण शेतातून बैल नेताना तोही आता ओळीशी येऊन वळसा घालू लागला.

तिसरे वर्ष सरत आले तशी तिंदुकाची झोप उडाली. मोरखांड आता सोडायचे होते. गंधी चैत्रात पुन्हा येऊन गेला होता आणि मोरखांड आता कोणाला निघेल याची चौकशी करून गेला होता. तिंदुकाने मुळ्या स्वतः विकाव्या असाही विचार केला. कुदळ घेऊन तो शेतात गेलाही. मग त्याला वाटले, आपली शलाका खालच्या एखाद्या शेताची निघाली, तर हीच माती गोट्यांसकट आपल्या डोक्यावर येईल. तो कुदळ न मारता परत आला.

पौर्णिमेला उंबराखाली तो उभा राहिला. त्याने मांडले, की जो माणूस शेत सोडताना वाळ्याची ओळ उभी ठेवून जाईल, त्याला पुढच्या पाळीवाल्याने त्या पायरीवर पिकलेल्या दर पाच टोपल्यांतली एक द्यावी. याला बांधवाटा म्हणावे. ओळ खणली तर खणणाऱ्याने पाळी सोडावी. आणि उचल पुन्हा ओंजळीची करावी.

लोक हसले. कोणीतरी म्हणाले, "मागच्या खेपेला तूच कुदळ घेऊन निघाला होतास ना रे?"

"म्हणून तर सांगतोय," तिंदुक म्हणाला. "पुढचा काय करील ते माझ्याइतकं इथं कोणाला ठाऊक आहे?"

हसणे थांबले. ज्यांच्या शेतांवर गोटे आले होते त्यांनी माना हलवल्या. ग्रामणी वज्जल पाळीपाळीने थकत आला होता. त्याने प्रत्येकाला विचारले, आणि कोणी नाही म्हटले नाही. मग तो म्हणाला, "नियम झाला. आता पहिला वाटा कोणाचा ते ठरवू. मोरखांडच्या ओळी कोणी लावल्या?"

तिंदुकाने बाहेरच्या कोंडाळ्यात बसलेल्या सोमिलकडे पाहिले. आपल्याच दोरीने आपण बांधले गेलो हे त्याच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. तो म्हणाला, की नियम आज झाला, मागचे मोजायचे नसते.

"बरं," वज्जल म्हणाला. "मग तुझ्या ओळीही मागच्याच. पुढच्यालाही हेच सांगू."

तिंदुकाने डोक्याचे मुंडासे काढले, झटकले, पुन्हा बांधले. "मोजा," तो म्हणाला. "तीनही वर्षांचं मोजा. दादा, तुम्ही त्या दिवशी मला चरात उतरवलंत ना, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

सोमिल म्हणाला, की मला पुरे वाटले की मी थांब म्हणेन. मोजणी झाली. बैलापुरते धान्य झाल्यावर तो थांब म्हणाला, आणि तिंदुकाने उरलेल्या टोपल्या परत ओढून घेतल्या. शेजारच्या गावाहून बैल आला. तो फार तरणा नव्हता, पण शंखाने त्याच्याकडे मान वळवून एकदा पाहिले आणि तो वाटेच्या कडेवरून मध्ये आला.

त्या वर्षी शलाका न ओढताच मोडलेली सभा बैल येताच पुन्हा भरली आणि सोमिलची शलाका निघाली. त्याला लांबओळ मिळाली, सगळ्या शेतांत जास्त झिजलेली. त्याच आठवड्यात पाटलीने मोरखांडमधून वाळ्याचे ठोंब मागून आणले. बायका ओंजळ ओंजळ माती पदरात घेऊन शेतांतून निघाल्या, आणि ज्यांनी आपल्या आयांना तसे चालताना पाहिले होते ते पुरुष वाटेच्या कडेला उभे राहिले. सोमिल आणखी बरीच वर्षे जगला. मोरखांड त्याच्या हयातीत पुन्हा त्याच्या वाट्याला आले नाही.

एवढे सांगून शास्त्यांनी कथेची सांधेजोड केली. "भिक्षूंनो, तेव्हाचा तिंदुक म्हणजे आजचा पिंगल. तेव्हाचा ग्रामणी वज्जल म्हणजे आज या टेकडीच्या वाटा राखणारा वनपाल. पाटली म्हणजे आजची भिक्षुणी सुजया. शंख बैल म्हणजे आजचा रेवक. गंधी तेव्हाही गंधीच होता. तो आज राजगृहाच्या पेठेत वाळा विकतो. आणि सोमिल तो मीच होतो. घेणाऱ्याचे नाव निघण्याआधी जे दिले जाते ते दान. त्या जन्मी मी दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, आचरिली."

दुपारी पिंगल आणि आणखी चार भिक्षू उतारावर गेले. दगडांची ओळ पौर्णिमेपूर्वी पुरी झाली.